पहिल्या घासातली गोळी

मालनबाईंच्या घरात वार दोनच तऱ्हेचे. देवाचे आणि माशांचे. सोमवार, गुरुवार, शनिवार देवाकडे. बुधवार, शुक्रवार, रविवार माशांकडे. मंगळवार बिचारा अधांतरी, त्या दिवशी अंड्यावर भागवायचं. लग्न होऊन कुडाळजवळच्या गावातून त्या लालबागला आल्या तेव्हापासून ही वाटणी चालू होती. मधल्या काळात गिरणी बंद पडली, चाळ पाडली गेली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि त्या अकराव्या मजल्यावर जाऊन बसल्या. पण वारांच्या वाटणीला कुणी हात लावला नाही. लावायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचे यजमान कुशाबा. गिरणीत आयुष्य घालवलेला, बोलायला तिखट आणि खायला रसिक माणूस. मासा डोळ्यांनी पारखून घेण्यात लालबागच्या बाजारात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कोळणी त्यांना बघून टोपलीतला मागचा माल पुढे काढत, कारण पुढचा दाखवला तर म्हातारा चारचौघांत अब्रू काढायचा.

अशा माणसाला कंपवात जडला. आधी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, तेव्हा त्यांनी चेष्टेवारी नेलं. मग चाल आखडली, सदऱ्याची बटणं हाताला दाद देईनात. पुढे पुढे तर लिफ्टच्या दारात आले की पाय लादीला चिकटायचे. समोर मोकळी लिफ्ट, आतले शेजारी म्हणताहेत 'या ना आजोबा', आणि हे जागच्या जागी उभे. शेवटी शेजाऱ्यांनाही कामं असतात. दार मिटायचं. हळूहळू कुशाबांनी खाली उतरणंच सोडून दिलं आणि मासे आणायचं काम मालनबाईंकडे आलं. घरी आणलेल्या प्रत्येक बांगड्यात ते खोट काढायचे, पण आवाजात पूर्वीची धार नसायची. मालनबाईंना त्याचंच जास्त लागायचं. खोट काढायची तर जोरात काढावी ना!

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. दुपारची गोळी महत्त्वाची, जेवणाच्या आधी द्यायची, असं बजावलं होतं. मालनबाईंनी ते शब्द शिरसावंद्य मानले. पण गोळ्या गरम असतात आणि रिकाम्या पोटी घेतल्या की पोट जाळतात, हे त्यांना डॉक्टरांच्या जन्माआधीपासून माहीत होतं. तेव्हा डॉक्टरांचं मन राखायचं आणि नवऱ्याचं पोटही सांभाळायचं, असा मध्यम मार्ग त्यांनी काढला. जेवणाचा पहिला घास त्या स्वतः कालवायच्या, मऊ भात, त्यावर माशाचं सार, निवडून घेतलेला बांगड्याचा किंवा सुरमईचा गर, आणि त्याच्या पोटात ती गोळी. जेवणाच्या आधी म्हणजे आणखी किती आधी? पहिल्या घासाच्या आधी तर काही नसतंच.

पण गोळी लागू पडेना. म्हणजे पडायची, पण लहरीप्रमाणे. सोमवारी कुशाबांचा उपास. दुपारी एखादं केळं खायचे आणि गोळी पाण्याबरोबर घ्यायचे. त्या दिवशी स्वारी खुशीत! घरभर फिरायचे, स्वतः दाढी करायचे, गॅलरीत उभं राहून खालच्या पोरांवर ओरडायचे. गुरुवार-शनिवारही बरे जायचे. आणि रविवारी, घरात सुरमईचा घमघमाट सुटलेला असताना, जेवण सुरू होतंय न होतंय तोच अंग लाकूड व्हायचं. दुसरा घासही स्वतःच्या हाताने उचलता यायचा नाही. मग मालनबाई शेजारी पाट घेऊन बसायच्या आणि काटे काढून काढून अख्खं ताट भरवायच्या.

देवाच्या वारी माणूस बरा, माशांच्या वारी आडवा. याचा अर्थ काय, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? गोळ्या फुकट आहेत, जे काही चाललंय ते गावच्या रवळनाथामुळे, असा निकाल कुशाबांनी देऊन टाकला. "उद्यापासून गोळ्यो बंद," रविवारी सकाळी चहा पिताना ते म्हणाले. "देवाचो वार आसा. देवाच्याच हातात देतंय सगळा." मालनबाईंनाही ते पटत होतं. नवऱ्याला तसं बोलून दाखवलं नाही एवढंच, कारण त्यांचं लगेच पटलं असं दाखवायची या घरात पद्धत नव्हती.

त्या रविवारी आकांक्षा जेवायला आली. मुलाची, जयवंतची, ती थोरली. आईबाप कल्याणला, आणि ही परळच्या एका हॉस्पिटलात औषधशास्त्रात एम.डी. करत होती. हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळून दर पंधरवड्याला आजीकडे यायची आणि दोन माणसांचं जेवून जायची. आजीला तेवढ्यासाठी ती जास्त आवडायची.

गोळ्या बंद करायचं ऐकल्यावर मात्र पोरीचा चेहरा उतरला.

"आजोबा, वेडे आहात का? ही गोळी अशी एकदम बंद नाही करायची. ताप चढेल, अंग पार जाम होईल, ॲडमिट करावं लागेल. सीरियसली सांगते."

"सोमवारी माझो हात बघ येवन," कुशाबा म्हणाले. "आणि आज बघ. गोळी तीच. मगे फरक कसलो?"

"ते... मनाचं असतं काही काही."

"मनाचा? माझा मन काय आयतवारी सुट्टीर जाता?"

आकांक्षा रागावून मोबाइल चाळत बसली. मालनबाईंनी वाद वाढू नये म्हणून पानं घेतली. पोरीला आवडते म्हणून सुरमई मुद्दाम जाड कापून आणली होती. कुशाबांच्या ताटाशी बसून त्यांनी पहिला घास कालवला, गोळी आत दडवली, वरून थोडं सार सोडलं आणि नवऱ्याच्या तोंडाशी नेला.

"थांब!" आकांक्षा ओरडली. पण घास गेला होता.

"आजी, गोळी कशात दिलीस?"

"घासात. पहिल्या घासात, डॉक्टरांनी सांगितलान तशी. रिकाम्या पोटार कशी देतलंय?"

"रोज?"

"रोज नाय. सोमवारी उपास असता ना यांचो. तेव्हा पाण्यानच घेतत."

आकांक्षाने कपाळावर हात मारला. ताटातल्या सुरमईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनबाई घाबरल्याच. पोर जास्त अभ्यासाने बिघडली की काय?

"आजी, अगं हे मी परीक्षेत लिहिलंय. चांगले मार्क मिळालेत मला या प्रश्नाला. आणि दर पंधरवड्याला इथे बसून सुरमई खाते, पण कधी तुझ्या हाताकडे बघितलंच नाही!"

मग जेवण बाजूला ठेवून तिने समजावून सांगायला घेतलं. सुरुवातीला सगळं इंग्रजीच येत होतं. आजीचा चेहरा बघून तिने गाडी मराठीवर आणली. डोक्याच्या आत, खोल, अगदी बारक्या पेशींचा एक समूह असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं एक द्रव्य बनवतात. हात उचलायचा, पाय टाकायचा तर ते द्रव्य एका पेशीतून सुटतं आणि शेजारच्या पेशीवर जाऊन बसतं. तिथे त्याच्यासाठी नेमकी जागा केलेली असते. ते बसलं की त्या पेशीला कळतं, हलायचं आहे. आजोबांच्या डोक्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात. द्रव्य कमी पडतं, म्हणून पाय हुकूम ऐकत नाही.

"मग तेच द्रव्य गोळीतून देऊक काय जाता?" मालनबाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, आणि पोरीला त्याचं कौतुक वाटलेलं त्यांना दिसलं. त्या जरा सावरून बसल्या.

"तयार डोपामिन मेंदूत शिरतच नाही, आजी. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला आत घेत नाही. म्हणून गोळीत त्याचा कच्चा माल देतात. तो आत गेला की उरलेल्या पेशी त्याचं डोपामिन करतात. पण कच्चा माल तरी आत कसा जाणार? आतड्याच्या प्रत्येक पेशीला अगदी बारीक दारं असतात. पुढे मेंदूच्या भिंतीलाही तशीच. आणि गंमत अशी, की ती दारं औषधासाठी केलेलीच नाहीत. मासा, अंडं, दूध, डाळ पचली की त्यांचे बारीक तुकडे होतात, त्यांना आत घेण्यासाठी ती दारं आहेत. आपली गोळी दिसायला त्या तुकड्यांसारखी, म्हणून तिलाही घेतात. पण तू गोळीबरोबर अख्खी सुरमई धाडतेस. तुकड्यांची एवढी झुंबड होते की गोळीला दारापर्यंत पोचताच येत नाही."

कुशाबांचं अंग आखडायला लागलं होतं, चेहरा तर केव्हाचा थिजलेला. पण डोळे चमकले. जीभ जड झाली होती तरी ते बोलले.

"बदली," ते म्हणाले. "बदली कामगार म्हण ना."

आकांक्षाला कळेना. मालनबाईंना मात्र कळलं, कारण लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी त्याच धास्तीत काढली होती. कुशाबा तेव्हा गिरणीत कायम नव्हते. पहाटे गेटावर जाऊन उभं राहायचं, कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी आत घ्यायचे. ज्या दिवशी सगळे कायमवाले कामावर हजर, त्या दिवशी गेट बंद. डबा तसाच घरी परत यायचा, आणि मालनबाईंनी तो उघडून दोघांना वाढायचा.

"कायमवाले सगळे गेटार इले, तर बदलीक कोण विचारता?" कुशाबा सावकाश म्हणाले. "हातात हुनर कितीय आसो. भितर गेल्याशिवाय काम कसा करतलो?"

"एक्झॅक्टली, आजोबा!" आकांक्षा टाळी वाजवून म्हणाली. "गोळी चांगलीच आहे. तिला आत जायला मिळत नाही. सोमवारी दारात गर्दी नसते, म्हणून ती जाते. गुरुवारी-शनिवारी आजीचं वरण इतकं पातळ असतं की त्यात डाळ शोधावी लागते."

वरणावरचा हा शेरा एरवी मालनबाईंनी खपवून घेतला नसता. पण त्या ऐकतच नव्हत्या. हातातला घास हातातच राहिला होता. त्यांना वेगळंच काही उमगलं होतं.

त्या उठल्या आणि आत ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षं. दोन वर्षं त्या नवऱ्याला मऊ घास भरवत होत्या, काटे निवडत होत्या, सगळ्यात चांगली तुकडी त्यांच्या पानात वाढत होत्या, आणि त्याच हाताने औषधाची वाट अडवत होत्या. जितकी माया जास्त, तितकी तुकडी मोठी. जितकी तुकडी मोठी, तितका माणूस ताठ. रविवारी भरवलेला प्रत्येक घास त्यांना आठवायला लागला. पदर तोंडाला लावून त्या रडल्या. मालनबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून नीट रडताही येईना, उचकी लागल्यासारखं झालं.

आकांक्षा मागे येऊन उभी राहिली. "आजी, तुला कुणी नीट सांगितलंच नाही गं. आणि मी तर घरात होते."

"आजपासून या घरात मासो येवचो नाय," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या हातान येवचो नाय."

बाहेरून आवाज आला. जड, ओढलेला, पण स्पष्ट. "मासो बंद केलंस तर गोळीय बंद! सांगून ठेवतंय!"

अशा प्रसंगी पोरीने हसू नये, पण ती हसली, आणि मग मालनबाईंनाही पदराआड हसू फुटलं.

मासे सोडायचं काही कारण नव्हतंच. सोमवारी आकांक्षाने मोठ्या डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी तिचं म्हणणं मान्य केलं. गोळी जेवणाआधी तासभर, नुसत्या पाण्याबरोबर. दुपारी हलकं जेवण, आणि मासे, अंडी काय ती रात्री, कारण रात्री म्हाताऱ्याला कुठे धावायचं नसतं. पोटात जळजळलं तर एखादं बिस्कीट द्या, आणि मला कळवा, बंद मात्र करू नका. हे सगळं तिने फोनवर आजीला दोनदा सांगितलं आणि आजीकडून दोनदा वदवून घेतलं.

बुधवार उजाडला. माशांचा वार. मालनबाईंनी नवऱ्याच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पेला पुढे केला. उपासाच्या सोमवारची गोष्ट वेगळी होती, तिथे देव पाठीशी असायचा. धडधडीत बुधवारी रिकाम्या पोटी गोळी द्यायची म्हणजे पाप केल्यासारखं वाटलं. मग दूध तापत ठेवल्यावर बसावं तशा त्या समोर बसून राहिल्या. "जळजळता? उमासे येतत?" असं त्यांनी इतक्या वेळा विचारलं की शेवटी कुशाबा म्हणाले, "तुझ्या विचारण्यानच येतले आता."

दुपारी पानात भात आणि दुधीची भाजी पडली. बुधवारी दुधी! कुशाबांनी ताटाकडे असं बघितलं, जणू घरात कुणी गेलं आहे. पण जेवले. स्वतःच्या हाताने जेवले. मालनबाई सवयीने पाट घेऊन शेजारी बसल्या होत्या, त्यांना काही कामच उरलं नाही.

जेवणानंतर त्या आत गेल्या. सकाळी आणलेले बांगडे रात्रीसाठी साफ करून मीठ-हळद लावत होत्या. मागे पावलं वाजली. आधी त्यांना वाटलं शेजारीण आली. वळून बघतात तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे नाही, उंबऱ्यावर नाही, चांगले आत, ओट्याशी कुशाबा उभे. कशालाही न धरता. वाकून त्यांनी एका बांगड्याचं कानशील वर केलं, वास घेतला, आणि भडकले.

"ह्यो बांगडो? ह्यो कालचो आसा! कोणी दिल्यान तुका? डोळे काय बाजारात ठेवन इलंस?"

आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला असेल. मालनबाई हळदीच्या हातांनी उभ्या राहून ऐकत राहिल्या. एवढ्या जोरात त्यांना कुणी बोलून किती दिवस झाले होते! त्यांना इतका आनंद झाला की उलट उत्तर द्यायचंही सुचलं नाही, आणि हे मात्र लग्नापासून पहिल्यांदाच घडत होतं.

रात्री आकांक्षा हॉस्पिटलातून थेट आली. पिशवी टाकून आधी आजोबांना बसवलं, उठवलं, चालवलं, बोटं उघडझाप करायला लावली. "मस्त!" ती म्हणाली. "आजी, आत गेली गोळी. बघ, पेशी कामाला लागल्यात."

पानं घेतली. बांगड्याचं झणझणीत तिखलं, भात, सोलकढी. दुपारच्या शिव्यांनंतर कुशाबांनी त्याच बांगड्याला मिटक्या मारायला सुरुवात केली होती. उजवा हात सराईतपणे चालत होता. बोटांनी मधला काटा अखंड सोडवून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. मालनबाई समोर आपल्या पानावर बसल्या होत्या. दोन वर्षांनी त्या माशांच्या वारी नवऱ्याबरोबर एका वेळी जेवत होत्या. बरं वाटत होतं, खूपच बरं वाटत होतं. पण हात मोकळे मोकळे वाटत होते, आणि याचं वाईट वाटून घ्यावं की नाही ते ठरत नव्हतं. माणूस बरा झाल्याचं कुणी वाईट वाटून घेतं का?

कुशाबांनी अर्धं ताट संपवलं. मग एकदम हात मांडीवर ठेवला.

"हात भरून इलो माझो," ते म्हणाले.

आकांक्षाने चटकन घड्याळाकडे बघितलं. "असं कसं? संध्याकाळच्या गोळीचा असर इतक्यात उतरायला नको. आजोबा, बोटं हलवा बघू. कडक वाटतात का?"

कुशाबा बोटं हलवीनात. बायकोकडे बघत राहिले. चेहरा काही तेवढा थिजलेला नव्हता. ओठाच्या एका कोपऱ्यात लग्नाच्या वेळचं काहीतरी दडून बसलं होतं, आणि ते लपवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

मालनबाईंनी नातीच्या मांडीवर हात ठेवून तिला गप्प केलं. आपला पाट उचलला, नवऱ्याच्या शेजारी नेऊन मांडला आणि बसल्या. बांगड्यातला काटा निवडला, भात कालवला, वर सार सोडलं.

"नाटकी म्हातारो," त्या म्हणाल्या. "आ कर."